मानेचे मणके : तबेल्यातून शस्त्रक्रियागृहापर्यंत

मराठीत 'मान' या दोन अक्षरी शब्दाने शरीराचा एक अवयवही सूचित होतो आणि प्रतिष्ठाही. मान ताठ ठेवणे, मान तुकविणे, मान खाली घालणे हे वाक्प्रचार आपल्या नित्याच्या बोलण्यातले आहेत. भाषेने ज्याच्यावर एवढा भार टाकला तो अवयव प्रत्यक्षात मात्र मोठा नाजूक आहे. साडेचार-पाच किलो वजनाचे डोके तोलून धरणे, ते चहूकडे फिरविणे आणि मेंदूकडून धडाकडे जाणारी प्रत्येक आज्ञा आपल्या पोटातून सुरक्षित जाऊ देणे, ही तिन्ही कामे सात लहान मणक्यांच्या एका स्तंभाला एकाच वेळी करावी लागतात.

माडावरून पाय निसटलेला पाडेली, उथळ पाण्याच्या विहिरीत सूर मारणारा मुलगा, दुचाकीवरून फेकला गेलेला शिक्षक, उलटलेल्या बैलगाडीखाली सापडलेला शेतकरी यांच्या अपघातांचे स्वरूप निरनिराळे असते. इजा मात्र पुष्कळदा एकाच जागी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार मज्जारज्जूला इजा झालेले दीड कोटींहून अधिक लोक आज जगात आहेत. पडणे, रस्त्यावरील अपघात आणि हिंसाचार ही त्यामागची प्रमुख कारणे होत, आणि ती बव्हंशी टाळता येण्याजोगी आहेत.

या विषयावरील संशोधनाचा इतिहास पाहू गेल्यास एक गोष्ट प्रकर्षाने ध्यानात येते. माणसाच्या मानेविषयीचे ज्ञान केवळ माणसाकडे पाहून वाढलेले नाही. कुत्रा, मांजर, डुक्कर, उंदीर, घोडा, इतकेच काय पण घुबड यांच्या मानांनीही त्यात भर घातली आहे. आणि या देवघेवीत जनावराला नुसतेच द्यावे लागले असेही नाही. काही वेळा त्याच्या पदरात चांगले मापही पडले.

सात या आकड्याचे कोडे

उंदराच्या मानेत सात मणके असतात, माणसाच्या मानेत सात आणि जिराफाच्या लांबच लांब मानेतही सातच. देवमाशाला मान आहे असे पाहणाऱ्याला वाटतही नाही, तरी त्याच्याही सांगाड्यात ते सात मोजून घेता येतात. सस्तन प्राण्यांत या नियमाला स्लॉथ आणि मॅनेटी असे दोनच ठळक अपवाद आहेत. निसर्ग एरवी इतका चंचल, मग याच ठिकाणी त्याने हट्ट का धरावा? नेदरलँड्समधील शास्त्रज्ञ फ्रिट्सन गॅलिस यांनी १९९९ मध्ये याचे एक उत्तर सुचविले. मानेच्या मणक्यांची संख्या ठरविणारी जनुके गर्भाच्या इतर अवयवांची घडणही ठरवीत असतात. त्यामुळे हा आकडा बदलला की त्याबरोबर इतर गंभीर दोष उद्भवण्याचा संभव वाढतो आणि असा जीव सहसा तग धरत नाही.

पक्ष्यांवर हे बंधन नाही. घुबडाच्या मानेत चौदा मणके असतात आणि ते आपले डोके एका बाजूस सुमारे २७० अंशांपर्यंत फिरवू शकते. माणसाने त्याच्या निम्म्याइतकीही मान झटक्याने फिरविली तरी मणक्यांच्या छिद्रांतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटण्याचा धोका असतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये घुबडांच्या मानांची क्ष-किरण तंत्राने तपासणी केली, तेव्हा त्यांच्या मणक्यांतील छिद्रे रक्तवाहिनीच्या सुमारे दहापट रुंद असल्याचे आढळले. वाहिनीला हलायला ऐसपैस जागा असल्यामुळे ती ताणली जात नाही. माणसाच्या मणक्यांत ही सोय नाही. केशकर्तनालयात दाढी झाल्यावर मान कडकन मोडून घेण्याची हौस अनेकांना असते. ती करणाऱ्याचा हात हलका असेल, परंतु मान घुबडाची नाही, हे खुर्चीत बसणाऱ्याने जाणले पाहिजे.

माणसाच्या मानेतील पहिले दोन मणके बाकीच्यांहून वेगळे असतात. पहिला कड्यासारखा असून त्यावर कवटी टेकलेली असते. आकाश तोलून धरणाऱ्या ग्रीक पुराणपुरुषावरून त्याला ॲटलस म्हणतात. दुसऱ्यातून दातासारखा एक सुळका वर आलेला असतो. जात्याची वरची तळी मधल्या खिळीभोवती फिरावी, तसा पहिला मणका या सुळक्याभोवती फिरतो. नकार देताना आपण मान हलवितो त्या हालचालीचा जवळजवळ निम्मा भाग या एकाच सांध्यात घडतो. खालच्या मणक्यांमध्ये लवचिक चकत्या असतात आणि सर्वांच्या मागील बाजूने एक नळी तयार झालेली असते. मानेच्या मध्यभागी या नळीची खोली सुमारे १७ मिलिमीटर भरते. आतील मज्जारज्जू तिची साधारण अर्धी जागा व्यापतो. काहींना ही नळी जन्मतःच अरुंद, १३ मिलिमीटरहूनही कमी लाभलेली असते. अशा माणसाला एरवी काही जाणवत नाही, पण साध्याशा धक्क्यानेही त्याचे मोठे नुकसान होऊ शकते.

श्वासपटलाला हलविणाऱ्या मज्जातंतूचा उगम मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या मज्जातंतूंतून होतो. त्यामुळे या पातळीच्या वर मज्जारज्जू तुटला तर हातपायांबरोबर श्वासही थांबतो. खाली तुटला तर श्वास चालू राहतो, पण हातांची शक्ती कमी-अधिक जाते. दोन बोटांच्या अंतराने माणसाचे पुढचे सारे आयुष्य बदलते, ते असे.

चार पायांच्या प्राण्याची मान आडवी आणि माणसाची उभी, मग एकावरून दुसऱ्याचे अनुमान कसे करावे, अशी शंका वाचकाच्या मनात येईल. पॅरिसमधील शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये सशासारख्या जागत्या, मोकळ्या बसलेल्या प्राण्यांची क्ष-किरण चित्रे घेतली, तेव्हा असे दिसले की आराम अवस्थेत या प्राण्यांच्याही मानेचे मणके आत जवळजवळ उभेच असतात. वरील मांस व कातडी यांमुळे ते बाहेरून कळत नाही. शंका रास्त होती, परंतु निसर्गाने तिचे निम्मे उत्तर आधीच देऊन ठेवले होते.

उपचार करू नये असा विकार

इजिप्तमध्ये लक्झर येथे १८६२ साली एडविन स्मिथ या अमेरिकन गृहस्थाने एक पपायरस विकत घेतला. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० या काळातील या गुंडाळीत ४८ रुग्णांच्या इजांची नोंद आहे, आणि मूळ मजकूर त्याहूनही जुना मानला जातो. मानेचा मणका सरकला असता हातपाय लुळे पडतात, लघवीवरील ताबा जातो, हे निरीक्षण त्यात स्पष्ट नोंदविलेले असून अशा रुग्णावर उपचार करण्याच्या भरीस पडू नये असा निर्वाळा दिला आहे.

सुश्रुतसंहितेचा सूर निराळा आहे. मान वळली किंवा आत दबली असता रुग्णास मानेच्या मागील भागी व हनुवटीस धरून वर उचलावे, सारख्या पट्ट्या लावून वस्त्राने बांधावे आणि सात रात्री उताणे निजवून ठेवावे, असे चिकित्सास्थानात सांगितले आहे. ताण देणे, स्थिर करणे आणि उताणे झोपविणे ही त्यातील त्रयी आजच्या शल्यचिकित्सकालाही अनोळखी वाटणार नाही. कवटीला चिमटे लावून वजनाने मान ताणण्याची पद्धत अमेरिकेत क्रचफील्ड यांनी १९३३ मध्ये प्रचारात आणली, ती याच तत्त्वावर. तथापि सुश्रुताचे वचन वाचून कोणी घरी मान ओढू लागेल तर तो अनर्थ होईल, हेही येथेच सांगितलेले बरे.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेन या वैद्याने प्राण्यांचा मज्जारज्जू निरनिराळ्या पातळ्यांवर छेदून कोणत्या ठिकाणी काय लुळे पडते हे पद्धतशीर पाहिले. आपण वर पाहिलेला श्वासाचा संबंध त्याच्या ध्यानात आला होता. त्यानंतर कित्येक शतके या प्रांतात फारशी भर पडली नाही.

इजा एकदा होते की दोनदा?

फिलाडेल्फियाचे आल्फ्रेड रेजिनाल्ड ॲलन यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या विषयाला कलाटणी देणारे ठरले. बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या उघड्या मज्जारज्जूवर त्यांनी ठराविक उंचीवरून ठराविक वजन सोडले. त्यामुळे इजेची तीव्रता प्रथमच मापता येऊ लागली. परंतु महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. इजेनंतर काही तासांच्या आत मज्जारज्जूला मधोमध उभा छेद देऊन आत साचलेले रक्त व द्रव बाहेर काढले, तर ते कुत्रे अन्य कुत्र्यांपेक्षा पुष्कळ सुधारत. याचा अर्थ असा की, सर्व नुकसान आघाताच्या क्षणीच होत नाही. आघातानंतर कोंडलेल्या रक्तात व द्रवात काहीतरी असे घडते की ज्यामुळे वाचलेले तंतूही मागाहून मरतात. ॲलन पहिल्या महायुद्धात १९१८ मध्ये मारले गेले आणि त्यांचे काम अपुरे राहिले.

पुढील संशोधनाने त्यांचे म्हणणे खरे ठरविले. आघातानंतरच्या तासांत मज्जारज्जू सुजतो, सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडतात, मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेली द्रव्ये शेजारच्या पेशींना मारतात. घराला लागलेली आग विझली तरी धगीने शेजारची गंजी पेटावी, तसा हा प्रकार असतो. पहिली इजा कोणाच्या हातची नसते. दुसरी मात्र काही अंशी रोखता येते, आणि या विषयाचे सारे व्यावहारिक महत्त्व या एका वाक्यात साठलेले आहे.

ती औषधाने रोखण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. प्राण्यांमध्ये आशादायक ठरलेले मेथिलप्रेडनिसोलोन हे औषध रुग्णांना देऊन पाहण्यात आले. इजेनंतर आठ तासांत ते दिल्यास थोडा लाभ होतो, असा निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध होताच जगभर त्याचा वापर सुरू झाला. परंतु मूळ आकडेवारीची फेरतपासणी झाली, जंतुसंसर्ग व जठरातील रक्तस्राव असे दुष्परिणाम पुढे आले, आणि २०१३ मध्ये अमेरिकेतील मज्जाशल्यचिकित्सकांच्या संघटनांनी ते देऊ नये अशी शिफारस केली. प्रयोगशाळेतील मांजरावर सिद्ध झालेली गोष्ट रस्त्यावर पडलेल्या माणसावर सिद्ध होईलच असे नाही, हा धडा वैद्यकाला बऱ्याच किमतीने मिळाला.

वेळेचे महत्त्व मात्र टिकून राहिले. मानेच्या मज्जारज्जूची इजा झालेल्या ३१३ रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मज्जारज्जूवरील दाब शस्त्रक्रियेने २४ तासांच्या आत दूर केलेल्या रुग्णांत ठळक सुधारणा होण्याचे प्रमाण उशिरा शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा जास्त आढळले. ॲलन यांच्या कुत्र्यांनी शंभर वर्षांपूर्वी सुचविलेली गोष्ट ती हीच.

त्या प्रयोगांचे वर्णन वाचताना मन प्रसन्न राहत नाही, आणि राहूही नये. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० मध्ये झाला. त्याखाली १९९८ मध्ये प्रयोगांच्या नियंत्रणाचे नियम आले आणि प्राणी वापरणाऱ्या प्रयोगशाळांवर नोंदणी व समितीची मान्यता बंधनकारक झाली. संशोधकांनीही अलीकडे एक अधिक न्याय्य मार्ग शोधला आहे : मुद्दाम इजा करण्याऐवजी आपोआप आजारी पडलेल्या जनावरावर उपचार करून पाहणे. लांब अंगाच्या, आखूड पायांच्या डॅक्सहुंड कुत्र्यांच्या पाठीतील व मानेतील चकत्या अकाली कठीण होऊन फुटतात, हे स्वीडनचे हान्सेन यांनी १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत दाखविले होते. त्यामागील जनुकीय बदल २०१७ मध्ये सापडला. केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये अशाच पाळीव, मागील पाय लुळे पडलेल्या ३४ कुत्र्यांवर प्रयोग केला. त्यांपैकी २३ कुत्र्यांच्या मज्जारज्जूत त्यांच्याच नाकातून घेतलेल्या पेशी सोडल्या. पुढील व मागील पायांचा मेळ घालून चालणे यांपैकी अनेकांना जमू लागले. लघवीवरील ताबा मात्र परत आला नाही, आणि संशोधकांनी तेही प्रांजळपणे नोंदविले. माणसाच्या बाबतीत ही उपचारपद्धती अद्याप प्रयोगावस्थेतच आहे.

डगमगणारा घोडा

शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीत एक व्याधी फार दिवसांपासून परिचित आहे. एक-दोन वर्षांचे, उत्तम पोसलेले, झपाट्याने वाढणारे शिंगरू एके दिवशी मागील पायांनी अडखळू लागते. वळताना पाय बाहेर फेकले जातात, खूर जमिनीला घासतात, उतारावर तोल जातो. इंग्रजीत अशा घोड्याला 'वॉब्लर' म्हणजे डगमगणारा म्हणतात. मालक पाय तपासतो, नाल तपासतो. दोष तेथे सापडत नाही, कारण तो मानेत असतो. मानेचे मणके वाढताना वेडेवाकडे होऊन आतील नळी अरुंद होते आणि मज्जारज्जू दाबला जातो. मागील पायांकडे जाणारे तंतू मज्जारज्जूच्या बाहेरील थरात असल्यामुळे दाब प्रथम त्यांना जाणवतो. आनुवंशिकता, जलद वाढ आणि अति सकस खुराक ही या विकाराची कारणे मानली जातात. शिंगराचे लाड करून त्याला भरपूर दाणा चारणे येथे त्याच्याच मुळावर येते. डोबरमन व ग्रेट डेन जातींच्या कुत्र्यांतही असाच विकार आढळतो.

असा घोडा पूर्वी बहुधा गोळी घालून संपविला जाई. त्याच सुमारास माणसाच्या मानेवरील शस्त्रक्रियेत मोठा बदल झाला होता. होनोलुलू येथील राल्फ क्लोवर्ड यांनी १९५८ मध्ये मानेच्या पुढील बाजूने शिरून बिघडलेली चकती काढण्याची आणि त्या जागी रुग्णाच्याच कमरेच्या हाडाची गोल खुंटी ठोकून दोन मणके सांधण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. हीच पद्धत घोड्यावर का करू नये, असा विचार अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात पशुशल्यचिकित्सक बॅरी ग्रँट व पामेला वॅग्नर यांनी केला. अडचण वजनाची होती. एवढ्या मोठ्या जनावराच्या मानेत हाडाची खुंटी दबून जाण्याची भीती, आणि कमरेचे हाड काढणे हीच मुळी दुसरी शस्त्रक्रिया. स्पोकेन येथे माणसांवर अस्थिशस्त्रक्रिया करणारे जॉर्ज बॅगबी त्यांच्या मदतीस आले. त्यांनी गंजरहित पोलादाची, भोके पाडलेली एक नळकांडीवजा टोपली तयार केली. मणक्यांमध्ये छिद्र पाडताना निघालेला हाडाचा चुरा तिच्यात भरायचा आणि ती त्याच छिद्रात ठोकून बसवायची. भोकांतून हाड वाढते व दोन मणके एकजीव होतात. तोवर भार टोपली सोसते. या शस्त्रक्रियांचे निष्कर्ष १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. अनेक घोडे पुन्हा नीट चालू लागले, काही तर शर्यतीतही उतरले.

पुढे ही टोपली तबेल्यातून माणसाकडे परतली. स्टीफन कुसलिच यांच्यासह बॅगबी यांनी तिला आटे पाडले, पोलादाऐवजी टायटॅनियम वापरले, आणि १९९६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ती माणसाच्या कमरेच्या मणक्यांसाठी मान्य केली. त्यानंतर मानेसाठीही तशी साधने आली. आज जगभरच्या रुग्णालयांत दोन मणक्यांमध्ये जो 'केज' बसविला जातो त्याच्या पूर्वजांत घोड्याच्या मानेतील ही टोपली मोडते, हे तो बसवून घेणाऱ्या रुग्णाला क्वचितच ठाऊक असते.

सिॲटल स्लू या घोड्याने १९७७ मध्ये अमेरिकेतील तिन्ही मानाच्या शर्यती एकही पराभव न पत्करता जिंकल्या होत्या. उतारवयात त्याचे पाय डगमगू लागले. २००० मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याच्या मानेत ही टोपली बसविण्यात आली आणि तो पुन्हा चालू लागला. २००२ मध्ये दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच वर्षी ७ मे रोजी तो मरण पावला. घोड्याच्या मानेची ही कथा, तर घोड्यावरून पडलेल्या माणसाची कथा याच्या उलट. 'सुपरमॅन'ची भूमिका करणारे नट ख्रिस्तोफर रीव्ह २७ मे १९९५ रोजी घोडदौडीच्या स्पर्धेत डोक्यावर आपटले आणि मानेचे पहिले दोन मणके मोडून मानेखाली लुळे झाले. श्वासयंत्राच्या आधाराने त्यांनी पुढील नऊ वर्षे काढली आणि ती मज्जारज्जूच्या संशोधनासाठी निधी उभारण्यात वेचली.

मुंबईचे योगदान

पहिल्या दोन मणक्यांमधील सांधा सरकणे हा विकार भारतात विशेष लक्षात येतो. तो कधी जन्मजात असतो, कधी क्षयाने किंवा संधिवाताने जडतो, कधी अपघाताने. लहान जातीच्या कुत्र्यांतही तो होतो, असे १९६७ मध्ये प्रथम नोंदविले गेले. रुग्णाची मान आखडते, हातापायांना मुंग्या येतात, चालताना पाय ओढला जातो. पूर्वी हे मणके मागील बाजूने तारेने बांधीत. तार ढिली पडे, आणि रुग्णाला कित्येक महिने गळ्यात जड पट्टा बाळगावा लागे.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी १९८८ पासून एक निराळी पद्धत अवलंबिली. दोन्ही मणक्यांच्या बाजूच्या भरीव भागांत स्क्रू बसवून ते पट्टीने जोडावयाचे. रक्तवाहिनी व मज्जारज्जू यांना अगदी लागून हे काम करावे लागत असल्यामुळे ते कौशल्याचे होते, परंतु सांधा तत्काळ पक्का होई. ही पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. जर्मनीचे युर्गेन हार्म्स यांनी २००१ मध्ये पट्टीऐवजी दांडी वापरून तिचा पुढील प्रकार मांडला, आणि आता ती जगाच्या वैद्यकीय ग्रंथांत गोयल-हार्म्स तंत्र म्हणून ओळखली जाते. महापालिकेच्या रुग्णालयात सामान्य रुग्णांवर उपचार करताना ती घडली, ही गोष्ट महाराष्ट्रास अभिमानास्पद आहे.

चुंबळ आणि जू

आपल्याकडे मानेवरचा भार ही केवळ अपघाताची बाब नाही. डोक्यावर चुंबळ ठेवून हंडे आणणारी स्त्री, पाटी वाहणारी मजूर बाई, पोत्याखाली वाकलेला हमाल यांची मान रोज ओझे वाहते. आफ्रिकेतील स्त्रियांचा अभ्यास करून १९८६ मध्ये शास्त्रज्ञांनी असे दाखविले की, शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतचे ओझे त्या डोक्यावरून जादा शक्ती खर्च न करता नेतात. या निष्कर्षाचे कौतुक फार झाले. परंतु तो शक्तीचा हिशेब आहे, हाडांचा नव्हे. आजच्या झिंबाब्वेतील हमालांच्या मानेच्या इजांवर १९६८ मध्येच एका शल्यचिकित्सकाने 'हमालाची मान' या अर्थाच्या नावाने लिहिले होते. सिएरा लिओनमधील, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांच्या मणक्यांची झीज इतरांपेक्षा अधिक दिसली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगाराने एकट्याने वाहावयाच्या ओझ्यास ५५ किलोची मर्यादा सुचविली. स्त्रियांसाठी ती बरीच कमी असावी असेही तीत म्हटले आहे. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी व हमाल कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. 'माथाडी' या शब्दातच माथा आहे.

झीज हळूहळू होते आणि तिची पहिली खूण मानेत दिसेलच असे नाही. भाकरी थापताना बोटे साथ देत नाहीत, सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, सही बिघडते, अंधारात चालताना तोल जातो. वय झाले म्हणून ही लक्षणे अंगावर काढली जातात. मज्जारज्जूवर दाब असल्याची ती सूचना असू शकते, आणि अशा वेळी मालिश करून घेण्यापेक्षा तज्ज्ञ डॉक्टरास मान दाखविणे युक्त होय.

बैलाच्या बाबतीत एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. जुवाखाली येणारी खांदेसूज हा मणक्यांचा विकार नसून कातडी व मांस यांची इजा आहे. उंची जुळत नसलेल्या बैलांची जोडी, खडबडीत किंवा अरुंद जू, ओल्या खांद्यावर काम यांमुळे ती होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करून बैलाच्या खांद्यास तूप-हळद चोळतात. हा दिवस वर्षातून एकच असला, तरी जू घासून गुळगुळीत करण्यास मुहूर्त लागत नाही. बैल मान वाकडी धरीत असेल, मागील पाय ओढीत असेल किंवा बसल्या जागेवरून उठत नसेल, तर मात्र दुखणे खांद्यापुरते नाही असे समजून पशुवैद्यकाला बोलवावे.

घटनास्थळी काय करावे

दुसरी इजा रोखण्याची पहिली संधी अपघाताच्या जागी जमलेल्या माणसांच्या हाती असते. बहुधा घडते ते उलट. चार जण जखमीला हातपाय धरून उचलतात, मान लोंबत राहते, आणि त्याला रिक्षात किंवा जीपमध्ये बसवून, पाणी पाजून रवाना करतात. मोडका मणका तोवर जागेवर असला तर या उचलाउचलीत सरकतो. यामागील कळकळ खरी असते. माहिती नसते एवढेच.

उंचावरून पडलेला, वाहनावरून फेकला गेलेला किंवा उथळ पाण्यात डोक्यावर आपटलेला माणूस मान मोडलेला आहे असे गृहीत धरूनच चालावे, मग तो बोलत का असेना. आग, पाणी किंवा वाहतूक यांचा धोका नसेल तर त्याला हलवू नये. एकाने डोक्याच्या बाजूस गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोके आहे त्याच स्थितीत धरून ठेवावे आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सोडू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ पासून चालू आहे. डोक्याच्या दोन्ही बाजूंस घोंगडीच्या किंवा कपड्याच्या घट्ट गुंडाळ्या ठेवाव्यात. शिरस्त्राण ओढून काढू नये. उलटी झाल्यास डोके, मान व धड एका रेषेत ठेवून, लाकडाचा ओंडका वळवावा तसे संपूर्ण अंग एकदम कुशीवर वळवावे. याला तीन-चार माणसे लागतात आणि डोके धरणाऱ्याच्या सांगण्यावर सर्वांनी एकाच वेळी हालचाल करावयाची असते. नेण्यावाचून गत्यंतरच नसेल तर दाराची फळी किंवा रुंद पाट वापरावा. श्वास बंद पडला असेल तर मात्र श्वास चालू करणे सर्वांत आधी. मानेची काळजी त्यानंतर.

पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने पुष्कळ जण पुढे येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि संसदेने २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. जखमीला मदत केल्याबद्दल त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. ग्रामसभेत किंवा शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी ही माहिती एकदा वाचून दाखविण्यास दहा मिनिटे पुरतात. दाराच्या फळीवर एका विद्यार्थ्याला झोपवून ओंडक्यासारखे वळविण्याचा सरावही तेवढ्याच वेळात होतो.

पुढची वाट लांब असली तरी ती बंद नसते. इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल येथे लुडविग गुटमान यांनी १९४४ मध्ये मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी केंद्र सुरू केले. तोवर असे रुग्ण शय्याव्रण व मूत्रमार्गाच्या संसर्गाने लवकर दगावत. ठराविक तासांनी कूस बदलणे, मूत्रमार्गाची स्वच्छता आणि खेळ या साध्या साधनांनी त्यांनी हे चित्र पालटले. तेथील १९४८ च्या स्पर्धांतून आजची पॅरालिम्पिक चळवळ वाढली. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात पाठीच्या कण्यात गोळी लागून कमरेखाली लुळे झाले होते. त्यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात भारताला या स्पर्धांतील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

रुग्णवाहिका आल्यावर जखमीबरोबर आणखी एक गोष्ट जावयास हवी, ती म्हणजे माहिती. अपघात किती वाजता झाला, तो कसा पडला, आणि जागेवर असताना हातापायांची बोटे हलवीत होता की नाही, या तीन गोष्टी कागदावर लिहून त्याच्या खिशात ठेवाव्यात किंवा बरोबर जाणाऱ्यास सांगाव्यात. पडतेवेळी हलणारी बोटे रुग्णालयात पोहोचेपर्यंत थांबली असतील, तर शस्त्रक्रिया केव्हा करावयाची याचा निर्णय डॉक्टर त्या चिठोऱ्यावरून करू शकतात.